आवक-जावक

ठाण्यातल्या कापूरबावडीच्या चौकातून निघालेला जुना आग्रा रस्ता बाळकुम नाका ओलांडून कशेळीच्या पुलावरून खाडीपलीकडे उतरतो आणि काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा असे करीत भिवंडीत शिरतो. आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण, त्याच्या भोवती विसाव्या शतकात आलेले औषधांचे व रसायनांचे कारखाने आणि त्या कारखान्यांच्या जागी एकविसाव्या शतकात उभे राहिलेले गगनचुंबी गृहप्रकल्प, असे तीन थर बाळकुममध्ये अर्ध्या तासाच्या पायपिटीत दिसतात. या रस्त्याचे महत्त्व मात्र वस्तीपेक्षा वाहतुकीत अधिक आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात होती तोवर व्यापाऱ्यांना माल हद्दीबाहेर, पण शहराच्या हाताशी साठवण्याची सोय हवी होती, आणि भिवंडी तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या जमिनीवर ती स्वस्तात झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली, तरी गोदामे हलली नाहीत, कारण तोवर घरपोच विक्री करणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना तीच जागा सोयीची ठरली होती. मोबाइल, लॅपटॉप, इअरफोन, मनगटी घड्याळे आणि चार्जर यांची जी खोकी ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि मुंबईत दारोदार पोहोचतात, त्यांपैकी पुष्कळशी याच पट्ट्यातून निघालेली असतात.

सरकारी कचेरीत आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. उपकरणांच्या बाबतीत या प्रदेशाची आवक वही अत्यंत काटेकोर आहे: प्रत्येक खोक्याला पट्टीसंकेत, प्रत्येक हँडसेटला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, प्रत्येक विक्रीला कराची पावती. तेच उपकरण तीन-चार वर्षांनी निकामी झाले की त्याची जावक जवळजवळ कोरी राहते. विजेच्या खटक्यावर किंवा बॅटरीवर चालणारी आणि मालकाने पुन्हा वापरण्याचा विचार सोडून दिलेली कोणतीही वस्तू, तिच्या सुट्या भागांसह, म्हणजे ई-कचरा, अशी या शब्दाची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. तिच्यात वॉशिंग मशीन येते तसे बोलणारे खेळणेही येते, आणि नियमांची व आकड्यांची बरीचशी गुंतागुंत या व्यापक व्याख्येतूनच उद्भवते.

उपकरणे वाढली म्हणून कचरा वाढला, हे खरे असले तरी अपुरे आहे, कारण उपकरणांची मालकी कोणाकडे असते हेही दरम्यानच्या काळात बदलले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा दूरचित्रवाणी संच ही घराची, कित्येकदा अवघ्या चाळीची वस्तू होती; ज्या बिऱ्हाडात संच असे तिथे शनिवार-रविवारी शेजारपाजार जमत असे. १९४७ मध्ये अमेरिकेत लागलेल्या ट्रान्झिस्टरच्या शोधाने रेडिओ पिशवीत मावू लागला आणि १९७९ मध्ये जपानमध्ये आलेल्या वॉकमनने ऐकणे एकट्याचे केले, परंतु भारतात वैयक्तिक उपकरण खऱ्या अर्थाने रुजले ते मोबाइलमुळे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला कॉल हा देशातला पहिला मोबाइल कॉल मानला जातो. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओच्या सेवेने मोबाइल डेटाचे दर कोसळले, आणि पुढे २०२० च्या टाळेबंदीत शाळा व कचेऱ्या घरात शिरल्या, तेव्हा घरटी असलेली मोजणी माणशी झाली. ज्या घरात पूर्वी एक टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर असे, त्याच घरात आता चार माणसांमागे चार फोन, एक-दोन लॅपटॉप, राउटर, कानात घालायच्या तारविरहित जोड्या आणि या सर्वांचे चार्जर असतात. त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य त्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या निम्मेही नसते.

आयुष्य घटण्यामागे केवळ ग्राहकाची हौस नाही. जुना रेडिओ चार स्क्रूंनी बंद होत असे आणि डाख देण्याची इस्त्री बाळगणारा कोणताही कारागीर तो उघडू शकत असे. अलीकडच्या सडपातळ फोनमध्ये पडदा, बॅटरी आणि पाठ गोंदाने चिकटवलेली असतात, इअरबडसारख्या वस्तूंत बॅटरी बदलण्याची सोयच ठेवलेली नसते, आणि यंत्र धडधाकट असूनही त्याच्या प्रणालीची अद्ययावत आवृत्ती कंपनीने देणे थांबवले की बँकेचे वा पैसे पाठवण्याचे अॅप त्यावर चालेनासे होते. यंत्र झिजून मरण्यापूर्वी त्याला बाद ठरवले जाते, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

जगाचा हिशेब संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-कचरा अहवालात सापडतो. त्यानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, म्हणजे माणशी ७.८ किलो, २०१० मध्ये हेच प्रमाण ३.४ कोटी टन होते आणि २०३० पर्यंत ते ८.२ कोटी टनांवर जाईल, असा अंदाज आहे. रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्के कचऱ्याची आहे. उरलेला सगळा उकिरड्यावर जातो असे मात्र नाही. त्याचा बराच भाग घरांत पडून असतो किंवा अनौपचारिक धंद्यात जातो आणि त्याची नोंद कोणाकडे नसते, एवढेच त्यातून निश्चितपणे सांगता येते.

भारतापुरते पाहिल्यास आकड्यांचा गोंधळ अधिक बोलका होतो. वरील अहवाल भारताचा २०२२ चा ई-कचरा सुमारे ४१ लाख टन धरून त्याला चीन व अमेरिका यांच्यानंतर तिसऱ्या स्थानी ठेवतो, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०२१-२२ मध्ये तो १६.०१ लाख टन होता. दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात. मंडळाचा हिशेब नियमांत तेव्हा सूचीबद्ध असलेल्या २१ प्रकारच्या उपकरणांपुरता होता आणि उत्पादकांनी कळवलेली विक्री व उपकरणाचे सरासरी आयुष्य यांवरून तो मांडला जात असे; आंतरराष्ट्रीय हिशेबात मिक्सरपासून खेळण्यांपर्यंत सगळे येते. कोणत्याही पद्धतीत प्रत्यक्ष कचरा तराजूवर चढवलेला नसतो, ही गोष्ट असे आकडे वाचताना विसरू नये. आंतरराष्ट्रीय आकड्यावरून भारतात माणशी सुमारे २.९ किलो हे प्रमाण निघते. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८.४ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. ती जुनी लोकसंख्या आणि देशाची सरासरी एवढेच धरले तरी दोन्ही शहरांतून वर्षाला सुमारे ९ हजार टन ई-कचरा निघतो असा ढोबळ हिशेब होतो. तेव्हापासून वाढलेली वस्ती आणि शहरी घरांतला जास्त वापर लक्षात घेता प्रत्यक्ष प्रमाण यापेक्षा मोठेच असणार. महाराष्ट्राचे या बाबतीतले अग्रस्थान तसे जुने आहे: केंद्रीय मंडळाच्या २००५ च्या पाहणीत राज्यांमध्ये महाराष्ट्र २०,२७० टनांसह पहिला होता आणि शहरांमध्ये मुंबई ११,०१७ टनांसह पहिली.

या कचऱ्याला गिऱ्हाईक आहे आणि ते त्यातल्या धातूंमुळे आहे. दहा लाख मोबाइल फोनमधून सुमारे १६ हजार किलो तांबे, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोने आणि १५ किलो पॅलेडियम मिळू शकते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा प्रसिद्ध अंदाज आहे. बॅटरी काढलेले दहा हजार हँडसेट म्हणजे साधारण एक टन माल धरला, तर त्यात तीनशे ग्रॅमांहून अधिक सोने असते. खाणीतल्या एक टन दगडातून पाच ग्रॅम सोने निघाले तरी ती खाण बरी समजली जाते. संपर्काच्या टोकांवर सोन्याचा मुलामा देतात तो दिखाव्यासाठी नसतो, कारण सोने गंजत नाही आणि त्यामुळे सूक्ष्म जोडणी वर्षानुवर्षे टिकते. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदके जपानी नागरिकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली गेली. त्यासाठी ७८,९८५ टन उपकरणे आणि ६२ लाखांहून अधिक फोन गोळा झाले आणि त्यातून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी व २,२०० किलो कांस्य मिळाले.

शहरातल्या टाकाऊ मालातून धातू काढण्याला आज नागरी खाणकाम असे भारदस्त नाव मिळाले असले, तरी मराठी मुलखाला त्याचे मूळ अपरिचित नाही. झवेरी बाजारात किंवा कोल्हापूरच्या गुजरीत सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, तो पाण्यात घोळून, त्यातले सोन्याचे कण वेगळे करणारा झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला आहे. फरक इतकाच, की सोनाराच्या केरात माती, राख आणि सोने एवढेच असे, तर मदरबोर्डच्या केरात साठ-एक मूलद्रव्ये असतात आणि त्यांपैकी काही जीवघेणी असतात. जुन्या डाखेत कथलाबरोबर सुमारे ३७ टक्के शिसे असे, जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळकांडीत एक ते तीन किलो शिसे असे, पडद्यामागच्या जुन्या दिव्यांत पारा असे आणि प्लॅस्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त अग्निरोधक मिसळलेले असत. भारतात १ मे २०१४ पासून नव्या उपकरणांतील शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि दोन ब्रोमीन संयुगे ०.१ टक्क्याच्या, तर कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या मर्यादेत ठेवणे बंधनकारक झाले. मात्र माळ्यावरून आज खाली उतरणारे उपकरण बहुधा त्यापूर्वीचे असते.

ही जावक प्रत्यक्षात कोणत्या वाटेने होते, हे पाहिले की सरकारी नियम आणि रस्ता यांतले अंतर दिसते. पहिला मुक्काम घरातच असतो. कपाटाचा खण, शोकेसचा खालचा कप्पा आणि स्वयंपाकघरावरचा माळा या तीन ठिकाणी बंद पडलेले फोन आणि कुठल्याच उपकरणाला न जुळणारे चार्जर साठतात. त्यामागे फोटो व बँकेचा तपशील परक्याच्या हाती जाण्याची धास्ती असते, तशीच पंधरा हजारांच्या वस्तूचे शंभर रुपये घ्यायला मन न धजण्याची वृत्तीही असते. ही सवय केवळ इथली नाही: युरोपातील सहा देशांत झालेल्या पाहणीत घरटी सरासरी ७४ उपकरणे आढळली आणि त्यांपैकी १३ नुसती पडून होती. दुसरा मुक्काम दुकानाचा. तांब्या-पितळेच्या पेठेत जुने भांडे मोड म्हणून घालून नवे घेण्याची रीत होती, जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी देत असे; एक्सचेंज ऑफर ही त्याच रीतीची नवी आवृत्ती आहे, पण मोडीत घातलेले पातेले आपल्यादेखत तोलले जाई आणि इथे जुन्या फोनचा भाव पडद्यावरचा ओरखडा पाहून ठरतो. असे चालते फोन दुरुस्त होऊन पुन्हा विकले जातात, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने हा सर्वांत उत्तम मार्ग आहे, कारण स्मार्टफोनच्या संपूर्ण आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा फार मोठा भाग तो विकत घेतला जाण्यापूर्वीच, त्याच्या निर्मितीत, होऊन गेलेला असतो.

जे चालत नाही ते भंगारवाल्याकडे जाते. महापालिकांची ई-कचरा संकलनाची मोहीम अधूनमधून होते, तर भंगारवाला दारावर येतो, रोख पैसे देतो आणि तारेचा तुकडाही नाकारत नाही. भारतीय शहरांत संकलनाची व्यवस्था नाही, ही तक्रार म्हणूनच तपासून घ्यायला हवी. संकलन इथे युरोपातल्या अनेक शहरांपेक्षा चोख होते, बिघडते ते पुढचे. नाक्यावरचा भंगारवाला माल तांबे, लोखंड, जर्मन, प्लॅस्टिक आणि बोर्ड असा निवडतो व मोठ्या गोदामांकडे पाठवतो. मुंबईत कुर्ला, साकीनाका, कामाठीपुरा ही जुनी ठिकाणे आहेत, आणि टॉक्सिक्स लिंक या संस्थेने २००७ मध्ये मुंबईत वर्षाला सुमारे १९ हजार टन ई-कचरा निर्माण होत असल्याचे नोंदवले होते. बोर्डांना खरा भाव उत्तरेत मिळतो. दिल्लीचे सीलमपूर सुटे भाग काढण्यासाठी आणि पितळी भांड्यांसाठी नावाजलेले मुरादाबाद बोर्डांतून धातू काढण्यासाठी ओळखले जाते.

तिथली रीत थोडक्यात अशी: बोर्ड चुलीवर किंवा पत्र्यावर भाजला की डाख वितळते आणि चिप सुट्या होतात, चालण्याजोग्या चिप दुरुस्तीच्या बाजारात परत येतात, उरलेला बोर्ड आम्लात बुडवतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या एकास तीन मिश्रणाला शालेय पुस्तकात आम्लराज म्हणतात, कारण सोने विरघळवण्याची ताकद त्यात असते. सोने निघते, तांब्याचा काही भाग निघतो, आणि बाकीचे मौल्यवान धातू सांडपाण्यात, राखेत किंवा धुरात जातात. तारांवरचे पीव्हीसीचे आवरण जाळले की क्लोरीनमुळे डायॉक्सिन व फ्युरान ही दीर्घकाळ न विघटणारी विषे तयार होतात. तार सोलण्याचे छोटे यंत्र हाच प्रश्न धुराविना सोडवते, परंतु जाळण्याला यंत्र लागत नाही आणि वेळही कमी लागतो. भाजणाऱ्याच्या फुप्फुसात जाणाऱ्या शिशाची किंमत बोर्डाच्या भावात धरलेली नसते, म्हणूनच अनौपचारिक कारागीर घराघरांतून येणाऱ्या मालाला रीतसर कारखान्यापेक्षा जास्त भाव देऊ शकतो. रीतसर कारखान्याला धूर गाळण्याची, सांडपाणी शुद्ध करण्याची आणि कामगाराला संरक्षण देण्याची किंमत मोजावी लागते. वसईत इको रिसायकलिंगसारखी जुनी अधिकृत कंपनी आहे, पण अशा कारखान्यांकडे येणारा माल मुख्यतः बँका व मोठ्या कंपन्यांचा असतो, कारण त्यांना विल्हेवाटीचा कागद हवा असतो. घरगुती ग्राहकाला कागद नको असतो.

कायद्याने हा प्रश्न उत्पादकाच्या खिशातून सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. वस्तू विकणाऱ्यानेच तिच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, या तत्त्वाला विस्तारित उत्पादक दायित्व म्हणतात. ते भारतात प्रथम २०११ च्या नियमांनी आले आणि १ मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ मध्ये नियम बदलले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा नवे नियम निघाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. सूचीतील उपकरणे २१ वरून १०६ झाली आणि त्यांत वैद्यकीय उपकरणांपासून सौर पट्ट्यांपर्यंत बऱ्याच गोष्टी आल्या. उत्पादकाने २०२३-२४ मध्ये ठरलेल्या प्रमाणातल्या ६० टक्के ई-कचऱ्याची पुनर्प्रक्रिया झाल्याचा पुरावा द्यायचा आणि २०२७-२८ पर्यंत हे लक्ष्य ८० टक्क्यांवर न्यायचे, असे ठरले. हा पुरावा म्हणजे प्रमाणपत्र: नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराने काढलेल्या धातूच्या हिशेबाने ते तयार होते आणि उत्पादक ते विकत घेतो. प्रमाणपत्रे फार स्वस्तात विकली जाऊ लागली, तर प्रक्रिया केवळ कागदावर होईल, या शंकेने २०२४ मध्ये सरकारने किमान दर ठरवला, जो घरगुती वापराच्या उपकरणांसाठी किलोला २२ रुपये आहे; या दराविरुद्ध काही मोठ्या उत्पादक कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. किलोमागे २२ रुपये हा बोजा मोठा की छोटा, यावर मतभेद असतील, पण वाद दराचा असला तरी तो अखेर जावक वहीत पहिली नोंद कोणी करायची याचाच आहे. नव्या नियमांत नोंदणी आहे ती निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्प्रक्रियादार यांची. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला त्या चौघांत जागा नाही, आणि जिथे तो नाही तिथे घरगुती ई-कचऱ्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा नोंदीबाहेरच राहतो.

बॅटरीचे वेगळे. तिच्यासाठी २०२२ मध्येच स्वतंत्र नियम आले. लिथियम-आयन पेशी चिरडली किंवा भोसकली गेली की आतल्या आत पेट घेते आणि कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्राखाली आलेला एखादा फुगलेला फोन पूर्ण गाडी पेटवू शकतो. ओला व सुका असे वर्गीकरण पाळणारे घरही जुना फोन सुक्या डब्यात टाकते, तेव्हा धोका नेमका तिथेच निर्माण होतो.

प्रमाणपत्राच्या हिशेबात मुख्यतः चार धातू मोजले जातात: सोने, तांबे, अॅल्युमिनियम आणि लोखंड. कारखाने साहजिकच तेवढेच काळजीपूर्वक काढतात. कॅपॅसिटरमधले टँटलम, बॅटरीतले कोबाल्ट व लिथियम आणि स्पीकरच्या चुंबकातले निओडिमियम यांची किंमत मोठी असली तरी एका उपकरणातले प्रमाण इतके अल्प असते, की ते वेगळे करण्याचे तंत्र आणि पुरेसा माल एका ठिकाणी आल्याशिवाय धंदा जमत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अशा दुर्मीळ खनिजांच्या पुनर्वापराला उत्तेजन देण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती यासाठीच. बाळकुम नाक्यावरच्या भंगारवाल्याचा भाव मात्र किलोवरच ठरतो. इअरबडची एक जोडी सुमारे दहा ग्रॅमांची असते. ती एकटी त्याच्या काट्यावर ठेवली तर काटा हलत नाही, म्हणून ती तारांच्या ढिगात फुकट जाते, आणि तिच्यातले निओडिमियम त्या ढिगाबरोबर जळून जाते.